क्लबाची वर्गणी आणि आमचे थोरले साडू

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान्य केलेली गोष्ट एकच, ती म्हणजे त्यांचं लग्न, आणि त्याचीही चौकशी त्यांनी अजून पुरती थांबवलेली नाही. बाकीच्या जगाला त्यांच्या हाताखालून जावंच लागतं. अनसिंगच्या बाजारात ते टरबूज घ्यायला उभे राहिले की टरबूजवाला इतर गिऱ्हाइकांना आधी वाटेला लावतो, कारण एकेक टरबूज उचलून, कानाशी धरून, बोटाच्या पेराने ठोकून ते जी तपासणी करतात तिला वेळ लागतो. लग्नाची पत्रिका आली की तारीख आणि वार जुळतो का, हे ते आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहतात. एकदा खरोखरच जुळला नाही, तेव्हा त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापाला फोन करून शांतपणे विचारलं, "भाऊ, आमी शनिवारी येऊ का बारा तारखेले येऊ?" तोवर पत्रिका गावभर वाटून झाल्या होत्या. त्या बापाने पुढे धाकट्या मुलाच्या लग्नात छापखान्यात जायच्या आधी मजकूर साडूंकडे आणून दाखवला.

तीसेक वर्षं ते आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवत होते. निवृत्त झाले, पण पेचकस सुटला नाही. लोकांच्या सदऱ्याच्या खिशात पेन असतो तिथे यांचा पेचकस असतो. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे, ही त्यांची समाधी. माझ्या पुतणीच्या लग्नात वधूवर मंचावर येऊन बसले, बुद्धवंदना सुरू व्हायची वेळ झाली आणि साडू कुठे दिसेनात. मंडपामागे जनरेटरजवळ सापडले. मला म्हणाले, "सर, हे पंगतीच्या आधी बंद पडन." पंगतीच्या आधी पडलं नाही, वरणभात वाढून झाल्यावर पडलं, आणि त्या अर्ध्या तासाच्या चुकीचं त्यांना आजही वाईट वाटतं. जनरेटर त्यांनीच सुरू करून दिला, ते मात्र ते कधी सांगत नाहीत.

ते मला सर म्हणतात, कारण मी वाशीमच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. मी त्यांना भाऊ म्हणतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघींचं या बाबतीत एकमत आहे की आम्हा दोघांत डोकं साडूंना मिळालं आणि हौस मला. ते खरंच आहे. पन्नाशी ओलांडली की माणसाला काहीतरी जुनं विकत घ्यावंसं वाटतं, म्हणजे त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर आपण तरुण दिसतो. मला जुनी जीप हवी होती. मला गाडी बरी चालवता येते असं नाही. भूगोलाचा मास्तर असूनही वाशीमच्या नव्या वस्तीत मी अजून रस्ता चुकतो. पण मोबाइलवर कुणाच्या तरी जीपचा फोटो पाहिला होता, मालक बॉनेटला टेकून उभा, डोक्यावर टोपी, आणि त्या टोपीखाली मला माझंच तोंड दिसायला लागलं होतं.

ही गोष्ट मी साडूंना सांगितली. आठ दिवसांनी फोन आला. "जयभीम सर. किन्हीराजाले चाला. एक जीप हाय." तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात ती उभी होती. मालक वारले होते, नातू पुण्याला, आणि त्याला गोठ्याची जागा मोकळी हवी होती. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालत होत्या. मी मनात म्हटलं, आता ही तपासणी संध्याकाळपर्यंत चालणार. पण साडूंनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. ते गाडीच्या मागच्या बाजूला गेले, पत्र्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "घेऊन टाका, सर." टरबुजाला अर्धा तास लावणारा माणूस जीपला दोन मिनिटांत हो म्हणतो, याचा अर्थ माझी निवड किती अचूक असली पाहिजे, असं मला वाटलं. घरी येऊन मी बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "निवड तुमी कवा केली? फोन तर त्यांनी केला."

पुढची दोन वर्षं दर रविवारी मी अनसिंगला जात राहिलो. जीप साडूंच्या अंगणात, साडू जीपच्या खाली, आणि मी बाजूला पान्यांची पेटी घेऊन. त्यांनी बारा नंबरचा पाना मागितला की मी चौदाचा देत असे, आणि ते तो तसाच परत देत असत. दोन वर्षांत माझी एवढीच प्रगती झाली की चौदाचा मागितल्यावर मी बाराचा देऊ लागलो. शेवटी एका सकाळी जीपने धूर सोडला, ती खोकली आणि सुरू झाली. साडूंनी तिच्यावर पेचकस टेकवला, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "बोलते." मी टोपी विकत घेतली.

टोपीनंतर माणसाला क्लब सुचतो. अकोल्याला जुन्या गाड्यांच्या मालकांचा एक क्लब आहे असं कळलं. वर्षाची वर्गणी किती, ते इथे सांगत नाही, कारण बायको हे वाचेल. सदस्याला बॉनेटवर लावायला पितळी बिल्ला, सुटे भाग मिळवून देण्यात मदत, गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत, आणि तिमाही पत्रिका. मला फक्त बिल्ला हवा होता, पण साडूंसमोर मी चारही गोष्टी सारख्याच गंभीरपणे मांडल्या. ते म्हणाले, "देतो म्हणते थे देते का, थे आधी पाहू."

मग क्लबाची तपासणी सुरू झाली. पहिला नंबर सुट्या भागांचा. वॉटर पंपाचं पॅकिंग गेलं होतं. साडूंनी अकोल्याला फोन लावला. तिकडून एका सज्जन माणसाने सांगितलं की दिल्लीहून मागवावं लागेल, तीन महिने धरा. साडूंनी फोन ठेवला, घरात नजर फिरवली आणि माझ्या पिशवीतल्या जुन्या नकाशासंग्रहाचं जाड पुठ्ठ्याचं कव्हर कापून, तेलात बुडवून, त्याचं पॅकिंग बसवलं. कव्हरावर आशिया खंड होता. तो अजूनही आमच्या वॉटर पंपात आहे आणि थेंबभर पाणी गळत नाही.

दुसरा नंबर रस्त्यातल्या मदतीचा. एका रविवारी सकाळी आम्ही मालेगावच्या पुढे, मेडशीच्या अलीकडे एका कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी थांबवली. साडूंना खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून त्यांनी आधी इंजिनातलं डिस्ट्रिब्युटरचं टोपण, जे नसलं की ठिणगीच पडत नाही, ते काढून खिशात टाकलं आणि मग क्लबाला फोन करून सांगितलं, "गाडी सुरू होऊन नाई राह्यली." पलीकडच्या माणसाने गाव विचारलं, तालुका विचारला, नंतर जिल्हा विचारला आणि म्हणाला, पाहतो. आम्ही बसून राहिलो. वीस मिनिटांत मोटारसायकलवरचा एक जण थांबला आणि पेट्रोल संपलं का विचारून गेला. मग डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या बाईने पाणी पाहिजे का विचारलं. माझी टोपी आणि गॉगल पाहून तिने साडूंना हळूच विचारलं, "हे साहेब शूटिंगचे आहेत काय?" साडू म्हणाले, "नाई माय, भूगोलाचे." शेवटी एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्याने स्वतःहून दोर काढला आणि जीपला बांधायला वाकला. जीप दोराने ओढत नेणार म्हटल्यावर साडूंना राहवेना. त्यांनी खिशातून टोपण काढून बसवलं आणि पहिल्या फटक्यात गाडी सुरू केली. ट्रॅक्टरवाल्याने आधी टोपणाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. दोर गुंडाळत म्हणाला, "तुमाले दुसरं काम नाई काय?"

परत येताना साडूंनी निकाल दिला. "फोन केला थो पाहतो म्हणे. ज्याईले फोन नाई केला थे तिघं थांबले. मंग वर्गणी कायले भरायची?" मी तिमाही पत्रिकेचा विषय काढून पाहिला, तर ते म्हणाले, माहिती तर फुकटही मिळते. बिल्ल्याबद्दल बोलायचं धाडस मला झालं नाही.

तरी मी चिकाटी सोडली नाही. क्लबाने नव्या इच्छुकांसाठी अकोल्यात एका रविवारी सकाळी मेळावा ठेवला होता. नुसतं पाहून येऊ, असं म्हणून मी साडूंना तयार केलं. निघताना बायको म्हणाली, "जा, पण टोपी घरी ठेवा." मी ती पिशवीत ठेवली आणि पातूर ओलांडल्यावर घातली.

तिथे पंधरावीस गाड्या ओळीने उभ्या होत्या, आरशासारख्या लखलखीत. मालक मंडळीही तशीच. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी जुन्या जमीनदार घराण्यातले. माणसं चांगली होती, आमच्याशी आदराने बोलली. साडूंनी गाड्यांच्या ओळीत एक फेरी मारली आणि तिसऱ्या गाडीपाशी थांबून मालकाला म्हणाले, "हिचा कार्बोरेटर कदी उघडला होता?" मालकाला कार्बोरेटर कुठे असतो तेच माहीत नव्हतं. दहा मिनिटांनी साडूंनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या होत्या आणि गाडीभोवती माणसं जमली होती. अर्ध्या तासाने ते दुसऱ्याच एका गाडीखाली होते, फक्त पाय बाहेर.

मी टोपी घालून आमच्या जीपला टेकून उभा होतो. एकाने विचारलं, "घरचीच का?" मी म्हटलं, "हो." त्याने विचारलं, "आजोबांची?" माझे आजोबा बैलगाडीतही दुसऱ्याच्याच बसले. पण त्या सकाळच्या उन्हात, त्या लखलखत्या गाड्यांच्या रांगेत, माझ्या तोंडून निघालं, "तसंच समजा." ते तितक्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात क्लबाचे सचिव आले, एक वयस्क डॉक्टर, बोलायला फार मृदू. साडूंच्या पायांकडे बोट करून कौतुकाने म्हणाले, "तुमचा मिस्त्री फार गुणी आहे हो." माझे थोरले साडू आहेत ते, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो, फार जुना आहे."

गाडीखाली चालू असलेली पान्याची टकटक क्षणभर थांबली आणि परत सुरू झाली.

सचिवांनी मला टेबलाशी नेलं आणि अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, गाडीचा क्रमांक झाला. मग त्यांनी वाचलं, "गाडी आपल्या घराण्यात किती पिढ्यांपासून आहे?" मी बोटं टेबलावर टेकवली. त्यांना वाटलं मी मोजतोय. मला खरं तर एवढंच ऐकू येत होतं की मागे पान्याची टकटक बंद झाली आहे. मी अर्जावर हात ठेवला आणि म्हणालो, "राहू द्या डॉक्टरसाहेब. आम्ही विचार करून कळवतो."

"दोन लिहा," मागून साडूंचा आवाज आला. ते फडक्याला हात पुसत उभे होते. आवाजात राग नव्हता, वर्गात पोरांना माप सांगावं तसा होता. "एक पिढी ढकलायले, एक चालवायले."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. साडू म्हणाले, "हे माहे साडभाऊ. गाडी ह्याईची हाय, दोन वर्षांखाली घेतली. त्याच्या आधी ज्यायची होती त्यायच्या घरी माहा बाप सालदार होता. थंडीत गाडी सुरू होत नसे. माहा बाप अन् आणखी दोघं तिले उतारापर्यंत ढकलत नेत. सुरू झाली की मालक निंघून जात. बाप वीस वर्षं ढकलत होता, पण बसला एकदाबी नाई. तिची मागची बाजू त्यानं रोज पाह्यली. चालत्या गाडीत बसून समोरचा रस्ता कसा दिसते, थे त्याले माहीत नव्हतं."

मी साडूंकडे पाहू शकत नव्हतो, म्हणून अर्जाकडे पाहत राहिलो. डॉक्टरांनी रकान्यात "दोन" लिहिलं. साडू म्हणाले, "बाकीचंबी लिहा ना." डॉक्टर म्हणाले, "रकाना फार लहान आहे हो." साडू म्हणाले, "मंग मांगं लिहा." डॉक्टरांनी कागद उलटला आणि साडूंच्या बापाचं नाव, गाव, काम, सगळं सावकाश विचारून, सुंदर अक्षरात लिहून काढलं. लिहून झाल्यावर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मघाशी मी मिस्त्री म्हणालो. माफ करा." साडूंनी मान हलवली. मग सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि मला म्हणाले, "अर्धी वर्गणी माही." सदस्य म्हणून आम्हा दोघांचीही नावं लागली. त्यांचं आधी, कारण ते थोरले.

परत येताना ते चालवत होते आणि मी बाजूला. टोपी पिशवीत होती. पातूरचा घाट संपेपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य घाटाच्या पुढच्या वळणावर मोडत होतं. शेवटी म्हणालो, "भाऊ, मघाशी मी चुकलो."

ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मिस्त्री म्हटलं त्याचं काई नाई. मिस्त्रीच हाय मी. जुना म्हणाले थे खटकलं."

मी हसलो, कारण त्यांनी मला हसायला वाट करून दिली होती. थोडं अंतर गेल्यावर ते परत म्हणाले, "थोरला साडू हाय म्हणायले किती येळ लागते, सर?" या वेळी मी हसलो नाही. ते कधीच मोठ्या आवाजात बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं अंगात उतरायला वेळ लागतो, आणि उतरलं की निघत नाही.

मालेगाव आल्यावर मी विचारलं, "तुम्ही हे मला किन्हीराजालाच का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुमी इचारलं कुठं? तुमी कोंबड्याईचे फोटो काढत होते." तेही खरं होतं. "मग गाडी तुम्हीच का नाही घेतली?" त्यांनी आधी गिअर बदलला. म्हणाले, "एकट्यानं घेतली असती तर दुखलं असतं. तुमची हौस सोबत होती, बरं झालं." माझ्या हौसेचा कुणाला उपयोग झाल्याचं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.

वर्ष संपलं, वर्गणीचा कागद परत आला. मला वाटलं, आता साडू हिशेब मांडतील. पत्रिका वर्षात एकदाच आली होती आणि तिच्यात तारीख आणि वार जुळत नव्हता. बिल्ला मात्र अस्सल पितळेचा निघाला, त्यांनी कानस लावून खात्री केली होती. मी म्हटलं, "भाऊ, फायदा तर काही दिसत नाही. बंद करू या का?" ते म्हणाले, "माह्या बापाचं नाव अकोल्याले त्यायच्या कपाटात हाय. राहू द्या." त्यानंतर ही चर्चा आमच्यात झाली नाही. क्लबातली माणसं आता आपणहून अनसिंगला येतात. कुणाची गाडी खोकत असते, कुणाची धूर टाकत असते. साडू ऐकतात, सांगतात, पैसे घेत नाहीत. माझी मेहुणी सगळ्यांना चहा पाजते आणि आत गेल्यावर बहिणीला फोनवर सांगते की यापेक्षा दवाखाना काढला असता तर बरं झालं असतं.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मेळाव्याला मी एकटाच गेलो. गाडी थांबवायच्या आत चारपाच जण जवळ आले आणि आधी शेजारची सीट पाहिली. "साडू नाही आले?" असं प्रत्येकाने विचारलं. मी बरा आहे का, हे कुणी विचारलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

आमच्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे आहे. पुढे मोठी गाडी असली की चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, उजवीकडे बसलेल्या माणसाने वाकून पाहून सांगावं लागतं, जा किंवा थांबा. येताना मेडशीच्या पुढे कापसाने भरलेला एक ट्रक लागला. दोन्ही बाजूंनी फुगलेला, संथ. माझ्या उजवीकडे कुणी नव्हतं. मी मालेगावपर्यंत त्याच्या मागे राहिलो. कापसाचे पुंजके उडून काचेवर येत होते. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते, आणि पुढे निघून जात होते.

अनसिंगला पोचलो तेव्हा साडू ओसरीत खाटेवर पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "उशीर काहून झाला?"

मी ट्रकचं सांगितलं.

त्यांनी अंगणातल्या जीपकडे पाहिलं. म्हणाले, "बरं केलं. पुढच्या खेपेले मी बसतो तिकडे."

गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना जीपच्या त्या उंच पायरीवर पाय ठेवायला मनाई केली आहे. हे त्यांना माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "हो भाऊ," आणि त्यांच्या बाजूला खाटेवर बसलो.